रिपोर्ट एकाचा १३, पाकिटं मात्र पाच जणांना?

प्रश्न एका ताईंचा आहे, नागपूरच्या बेसा भागात राहतात. थोडक्यात सांगतो. नवऱ्याच्या ऑफिसात हेल्थ चेकअप झालं, त्यात व्हिटॅमिन डी १३ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर) आलं. सात वर्षांचा मुलगा शाळा उघडल्यापासून सर्दी-खोकल्याने बेजार आहे. सासूबाईंना सीओपीडी, म्हणजे आपण ज्याला नुसतं 'दमा' म्हणून मोकळे होतो तो धुराचा आजार, आणि दर हिवाळ्यात त्यांना एकदा तरी वाफेची मशीन लावावी लागते. दिरांनी सगळ्याचा एकच हिशोब लावला: डी कमी म्हणून प्रतिकारशक्ती कमी. तेव्हा ताई, नवरा, मुलगा, सासू, सासरे, सगळ्यांनी दिवाळीपासून होळीपर्यंत आठवड्याला व्हिटॅमिन डीचं साठ हजार युनिटचं एकेक पाकीट घ्यायचं, सर्दी घरात फिरकणार नाही. मेडिकलमधून (औषधाच्या दुकानातून हो, आपल्या मेडिकल कॉलेजातून नव्हे) वीस पाकिटं आलीसुद्धा. ताई विचारतात, सुरू करू का?

मी बावीस वर्षं पूर्व नागपुरात फॅमिली प्रॅक्टिस करतो आहे. साठ हजारांचं पाकीट आता आमच्याकडे पॅरासिटामॉलच्या पंगतीला जाऊन बसलंय, म्हणून जरा लांबण लावतो. पण उत्तर आधीच देतो: सगळ्यांना नाही. नवऱ्याला बहुतेक हो, पण सर्दीसाठी नव्हे. सासूबाईंचं रक्त तपासून ठरवा. मुलाला पाकीट अजिबात नको.

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. नवऱ्याची कमतरता भरून काढायची का, हा एक. डी घेतल्याने सर्दी-खोकला, न्यूमोनिया टळतो का, हा दुसरा. आणि मुलगा वारंवार आजारी का पडतो, हा तिसरा. दिरांनी तिन्हींना एकाच दोरीत ओवलं, आणि घोटाळा तिथेच झाला.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण अफवा आणि अभ्यास दोन्ही तिथेच भरपूर आहेत. डीचा आणि जंतूंशी लढण्याचा संबंध हा कोणाच्या डोक्यातून निघालेला खेळ नाही. आपल्या पांढऱ्या पेशींना जंतू ओळखू आला की त्या डीच्या मदतीने कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन बनवतात, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे डी अगदीच तळाला गेलं असेल तर छातीचे आजार वाढू शकतात, ही शंका रास्तच होती. मुडदूस (डीअभावी हाडं मऊ पडण्याचा आजार) झालेल्या मुलांना न्यूमोनिया जास्त होतो, हे तर जुन्या बालरोगतज्ज्ञांना ठाऊकच होतं.

पण शंका रास्त असली म्हणून औषध लागू पडतंच असं नाही. त्यासाठी निम्म्या लोकांना डी आणि निम्म्यांना त्याच दिसण्याची बिनऔषधाची गोळी देऊन बघावं लागतं. असे २५ अभ्यास, सुमारे ११ हजार लोकांचे, एकत्र करून २०१७ मध्ये एक मोठा हिशोब प्रसिद्ध झाला. सगळे मिळून फायदा थोडा निघाला, पण ज्यांचं डी १० नॅनोग्रॅमच्याही खाली होतं आणि ज्यांना रोज किंवा आठवड्याला लहान डोस मिळाला, त्यांच्यात तो ठळक होता. त्या वर्षी मीही हुरळलो होतो. दवाखान्यात येईल त्याला डी लिहीत होतो, हे कबूल करतो.

मग अभ्यास वाढत गेले आणि फायदा आक्रसत गेला. २०२१ च्या हिशोबात ४३ अभ्यास आणि ४८ हजारांहून अधिक लोक होते. डी घेणाऱ्यांपैकी ६१.३ टक्के लोकांना त्या काळात एकदा तरी श्वसनाचा संसर्ग झाला, न घेणाऱ्यांपैकी ६२.३ टक्के लोकांना. म्हणजे शंभर माणसांनी महिनोन् महिने डी घेतलं तर एकाची सर्दी टळली. कोणाची टळली, ते कळायला मार्ग नाही. २०२५ मध्ये आणखी भर पडून आकडा सुमारे ६४ हजार लोकांवर गेला, तेव्हा उरलासुरला फरकही इतका बारीक झाला की तो निव्वळ योगायोग नाही असं छातीठोकपणे म्हणता येईना. डी फार कमी असलेल्यांना वेगळा फायदा होतो, ही २०१७ ची गोष्टही नंतर तेवढी पक्की राहिली नाही.

तुम्ही विचाराल, मग हे डॉक्टर लोक म्हणतात की आजारी माणसांत डी कमी सापडतं, ते खोटं का? खोटं नाही, उलटं वाचलेलं आहे. अंगात ताप, जळजळ, सूज असली की रक्तातलं डी आपोआप खाली येतं. जो दोन महिने खोकत घरात पडून आहे, त्याला ऊनही मिळत नाही. लठ्ठ माणसात डी चरबीत अडकून रक्तात कमी दिसतं, आणि लठ्ठपणाने छातीचे आजार तसेही वाढतात. म्हणजे डी कमी झाल्याने माणूस आजारी पडला, की आजारी पडल्याने डी कमी झालं, हे एका रिपोर्टवरून कोणी सांगू शकत नाही. म्हणून ताप असताना मी ही तपासणी करतच नाही. अशा वेळी आलेल्या ११ वर मागे मी उपचार सुरू केलेत, आणि बरं झाल्यावर तोच माणूस १९ वर दिसलाय.

आता पाकिटाविषयी. साठ हजारांचं पाकीट हे हाडांसाठी, कमतरता झटपट भरून काढण्यासाठी आहे. आठवड्याला एक, आठ आठवडे, ही आपल्याकडची सर्रास चालणारी पद्धत, आणि ती ठीक आहे. पण संसर्ग टाळण्याच्या कामात मोठे, लांब अंतराचे डोस फारसे चमकलेले नाहीत. काबूलमध्ये तान्ह्या बाळांना दर तीन महिन्यांनी एक लाख युनिट दिले, दीड वर्ष. न्यूमोनिया कमी झाला नाही. ऑस्ट्रेलियात एकवीस हजार वयस्क लोकांना दर महिन्याला एक डोस मिळाला, आणि तो नेमका आपलाच, साठ हजारांचा. छातीच्या संसर्गात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. याउलट मंगोलियात उलानबातरच्या शाळकरी मुलांचं डी ७ च्या आसपास होतं, तिथे हिवाळ्यात रोजच्या दुधातून ३०० युनिट दिल्यावर श्वसनाचे संसर्ग जवळपास निम्म्यावर आले. अभ्यास लहान होता, अडीचशे मुलांचा. पण त्याच शहरात पुढे ८,८०० हून जास्त मुलांना तीन वर्षं आठवड्याला १४,००० युनिट देऊन क्षयाचा संसर्ग टळतो का ते पाहिलं, तर टळला नाही.

मोठा डोस का चालत नाही याचं एक पटण्याजोगं कारण आहे. डी एकदम बदाबदा आलं की शरीर ते मोडून टाकणारी यंत्रणाही जोरात सुरू करतं, आणि ती पुढे कितीतरी दिवस चालू राहते. मटक्यात रोज लोटाभर पाणी घालणं वेगळं आणि आठवड्यातून एकदा टँकर उलटा करणं वेगळं. उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावलेल्या नागपूरकराला हे जास्त समजावून सांगायला नको.

आता उन्हाचं. दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, "डॉक्टरसाहेब, नागपुरात आणि डी कमी? इथे तर मेमध्ये रस्त्यावरचं डांबर वितळते!" मुद्दा बरोबर आहे, पण डी उष्णतेने बनत नाही. ते बनतं उन्हातल्या अतिनील किरणांच्या एका विशिष्ट पट्ट्याने, आणि तो पट्टा सूर्य वर चढल्याशिवाय जमिनीपर्यंत नीट पोचतच नाही. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे आपली सावली. सावली उंचीपेक्षा बरीच लांब असेल तर डी जवळजवळ बनत नाही. उंचीएवढी किंवा आखूड असेल तर बनतं.

मी एका डिसेंबरात गच्चीवर स्वतः मोजून पाहिलं. सकाळी आठला, ज्याला आपण कौतुकाने कोवळं ऊन म्हणतो त्यात, माझी सावली माझ्या चौपट लांब पडली होती, पार टाकीच्या पलीकडे. सव्वाबाराला ती माझ्या उंचीएवढी झाली, त्याहून फारशी आखूड त्या दिवशी झालीच नाही. म्हणजे डिसेंबरात नागपुरात डीचं ऊन म्हणजे अकरा ते दीड-दोन. त्या वेळी मुलगा वर्गात, नवरा मिहानमधल्या ऑफिसात एसीत काचेच्या आड (काचेतून हे किरण येत नाहीत), आणि सासूबाई दुपारची पाठ टेकवून. सकाळी सातला मुलाला उन्हात बसवलं म्हणून अभिमानाने सांगणाऱ्या आया मी रोज बघतो. ऊन मिळालं, ऊब मिळाली, डी मात्र नाही.

मेच्या शेवटी गंमत उलटी होते. डिसेंबरात दुपारी बाराला जेवढी सावली, तेवढी मेमध्ये सकाळी नऊलाच होते. तेव्हा भर दुपारी लू खात उभं राहण्याची कोणालाही गरज नाही. नऊ-साडेनऊला गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालताय ना, तेवढा वेळ हात आणि पाय उघडे ठेवा. अडचण अशी की आमच्याकडच्या बायका त्या वेळी डोक्यापासून मनगटापर्यंत स्कार्फ आणि सनकोटात असतात, आणि उकाड्यामुळे असतात, त्यांना बोल लावता येत नाही. सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. आठवड्यातून तीन-चार दिवस वीस ते तीस मिनिटं हा माझा ढोबळ सल्ला. उन्हाचा एक मोठा फायदा म्हणजे त्याने डी कधी प्रमाणाबाहेर जात नाही, जास्तीचं कातडीतच मोडलं जातं. पाकिटाला ही समज नाही.

जेवणातून फार अपेक्षा ठेवू नका. अंड्याच्या पिवळ्या भागात चाळीसेक युनिट, चरबीदार मासळीत बरंच, वरण-भात-भाजीत जवळपास काही नाही. संत्र्यातही नाही, त्यात सी असतं, आणि हे मी नागपुरात राहून वर्षातून दहादा सांगतो. दुधाच्या आणि तेलाच्या पाकिटावर 'प्लस एफ' असं निळं चिन्ह असेल तर त्यात डी घातलेलं असतं. तेवढं बघून घेत जा.

आता घरातल्या माणसांकडे येऊ.

नवऱ्याचा १३ हा कमीच आहे. हाडांसाठी २० च्या वर असावं, हे बहुतेकांना मान्य आहे. रिपोर्टवर ३० च्या खाली सगळं लाल रंगात छापतात, त्याने घाबरू नका. त्यांनी आठवड्याला एक असे आठ आठवडे, जेवणानंतर दुधाबरोबर घ्यावं, आधी मुतखडा किंवा किडनीची भानगड झाली आहे का ते डॉक्टरांना सांगून. नंतर रोजचा छोटा डोस आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. त्याआधी तपासलं तर पैसे वाया, कारण रक्तातली पातळी स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. पाठ-मांड्या दुखत असतील तर त्यांना बरं वाटू शकेल. सर्दी मात्र होईल तशी होईल.

सासूबाईंच्या बाबतीत मी वेगळा विचार करतो. सीओपीडीच्या रुग्णांचे अभ्यास एकत्र केले तेव्हा सरसकट फायदा दिसला नाही, पण ज्यांचं डी १० च्या खाली होतं त्यांच्यात आजार उसळण्याचं प्रमाण जवळपास ४५ टक्क्यांनी कमी निघालं. रुग्ण थोडे होते, तरी इतका फरक मी सोडून देणार नाही. म्हणून घरात तपासणी कोणाची करायची तर त्यांची करा, बरं वाटत असतानाच्या दिवसांत. पण ताई, त्यांच्या हिवाळ्याचं खरं संरक्षण दुसरीकडे आहे. फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याआधी, कारण आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो आणि हिवाळ्यात पुन्हा डोकं काढतो. न्यूमोनियाची लस. पंप नीट, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घेणं. मी दवाखान्यात घ्यायला लावतो तेव्हा दहातले निम्मे पेशंट चुकीचा घेतात. आणि थंडीत अंगणात पालापाचोळा पेटवून शेकायची सवय असेल तर ती बंद. ज्या फुप्फुसाने चुलीचा धूर पस्तीस वर्षं खाल्ला, त्याला शेकोटी परवडत नाही.

सासऱ्यांना आणि तुम्हाला तक्रार नसेल तर तपासणीही नको आणि पाकीटही नको. रोजची गरज आपल्या आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये ६०० युनिट ठरवली आहे. ऊन मिळतच नसेल तर तेवढ्याची रोजची गोळी पुरे. सासरे पंचाहत्तरीच्या पुढचे असतील तर ती जरूर घ्यावी.

आणि मुलगा. आठवड्याला साठ हजार म्हणजे दिवसाला साडेआठ हजार युनिट. त्याच्या वयाला रोजची वरची मर्यादा ३,००० आहे. म्हणजे जवळपास तिप्पट, तेही अठरा-वीस आठवडे, रिपोर्ट बापाचा बघून! सिद्ध झालेली कमतरता असेल तर आम्ही मुलांनाही मोठे डोस देतो, पण मोजून, ठरावीक आठवडे. नुसत्या सर्दीवर नाही. रोजचे ६०० युनिट द्यायला हरकत नाही. थेंबांची बाटली आणली तर एका मिलिलीटरमध्ये ४०० आहेत की ८००, ते लेबलवर वाचून मगच ड्रॉपर भरा.

त्याच्या सर्दीसाठी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खूण करा. सर्दी सुरू झाली तो दिवस, संपली तो दिवस. वर्षातून सहा-आठ सर्द्या हे लहान मुलांत काही आक्रीत नाही, आणि सर्दीचा खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळू शकतो. हिशोब केला तर मूल अर्धा हिवाळा खोकतंच. मधल्या दिवसांत तो खेळतो, जेवतो, वजन वाढतंय, तर त्याची प्रतिकारशक्ती शाबूत आहे. मात्र रात्री खोकला येऊन छातीत शिट्टी वाजत असेल, तोंड उघडं ठेवून घोरत असेल, कान वाहत असेल, वजन अडलं असेल, वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला असेल किंवा घरात कोणाला टीबी झाला असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट विचारावी लागते, घराण्यात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का. असेल तर ते आधी तपासा.

मागे असाच एक पोट्टा होता, सहा वर्षांचा, रोज रात्री खोकायचा. आईने डी, सिरप, च्यवनप्राश, सगळं करून झालं होतं. त्याच्या आजोबांना बघायला मी घरी गेलो, तर मुलाच्या पलंगाखाली मच्छर अगरबत्तीचं हिरवं वेटोळं, राखेचा गोल बशीत, आणि खिडकी बंद. मच्छरदाणी लावली, पंधरा दिवसांत रात्रीचा खोकला गेला. तुमच्याही घरात रात्री काय जळतं, ते एकदा बघा.

एक शेवटची गोष्ट, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका सत्तरीच्या बाईंना 'आठवड्याला एक' असं लिहून दिलं होतं. चिठ्ठीवरचं अक्षर डॉक्टरी, घरी ते 'रोज एक' वाचलं गेलं. दोन महिने रोज साठ हजार. आधी बद्धकोष्ठ, मग सारखी तहान, मग रात्रीतून सहा वेळा लघवीला. नंतर त्या सुनेला ओळखेनात, तेव्हा आणलं. सगळ्यांना वाटलं डोक्यात काही झालं. कॅल्शियम निघालं साडेतेरा, जे साडेदहाच्या आत हवं. किडनीवरही ताण आला होता. सलाइनवर आठवडाभर काढला तेव्हा माणसात आल्या. तेव्हापासून मी चिठ्ठीवर 'दर रविवारी' असं वार घालून लिहितो, आणि पेशंटकडून मोठ्याने वाचून घेतो.

तेव्हा वीस पाकिटांतली आठ नवऱ्याच्या नावाने वेगळी काढा, त्यांवर पेनाने एकेका रविवारची तारीख घाला, आणि मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशी वर ठेवा. बाकीची बारा बिल दाखवून दुकानात परत होतात का बघा. सासूबाईंचा रिपोर्ट आला की आकडा आणि त्या घेत असलेल्या औषधांची नावं इथेच लिहा, मी बघतो. मुलाच्या कॅलेंडरचं होळीच्या सुमारास कळवा.